कुणी सांगितलं?

आमच्या कॉलेजात आता ‘पुनरागमन कक्ष’ झाला आहे. शिक्षण अर्धवट टाकून गेलेली आणि बऱ्याच वर्षांनी कला शाखेला परत आलेली माझ्यासारखी थोराड माणसं तिथं सल्ल्यासाठी येतील, अशी त्यामागची कल्पना. दारावर चकचकीत पाटी आहे. आत सोफा आहे, टीपॉयवर प्लॅस्टिकची फुलं आहेत आणि कोपऱ्यात काचेच्या पेटीत मासे आहेत. सल्ला देणारं माणूस तेवढं नाही. मी मुद्दाम जाऊन बघून आलो. शिपाई म्हणाला, पाहुणे आले की कक्ष उघडतात. मग माशांना खायला कोण घालतं असं मी विचारलं, तर त्यासाठी एक माणूस नेमला आहे म्हणाला.

माशांवर माझा राग नाही. पण हा कक्ष ज्यांच्या कामावर उभा राहिला, त्या मॅडमना याच कॉलेजनं कधी धड टेबल दिलं नाही आणि शेवटी ‘अतिरिक्त’ ठरवून पार जत तालुक्यातल्या शाखेत पाठवून दिलं. अतिरिक्त हा सरकारी शब्द आहे, असं मला सांगण्यात आलं. असेल. सोफा आवश्यक आणि मॅडम अतिरिक्त, हे ज्या भाषेत बसतं ती भाषा मला येत नाही.

मॅडम तत्त्वज्ञान शिकवायच्या. त्या विभागात त्या एकट्याच. विद्यार्थी सल्लागार नेमा असं विद्यापीठाकडून आलं, तेव्हा ज्यांच्याकडं विद्यार्थी सगळ्यात कमी त्यांच्या गळ्यात ते काम पडलं. बसायला जिमखान्याची खोली मिळाली. म्हणजे एका बाजूला हवा गेलेले फुटबॉल, दुसऱ्या बाजूला गुंडाळलेली व्हॉलीबॉलची जाळी आणि मधे मॅडम. खेळाच्या तासाला पोरं आत यायची आणि त्यांच्या डोक्यावरून हात घालून बॅटी काढून न्यायची. मॅडम बोलणं न थांबवता मान खाली घालायच्या, बॅट गेली की वर करायच्या.

त्या स्कूटीवरून यायच्या आणि हेल्मेट घालूनच कॉलेजात शिरायच्या. गाडी लावून, जिना चढून, ऑफिसात हजेरी लावून जिमखान्यात पोचेपर्यंत ते डोक्यावरून निघायचं नाही. कुणी हसलं तर म्हणायच्या, रस्त्यापेक्षा इथं धोका जास्त आहे. खोलीत आल्या की हेल्मेट उलटं करून टेबलावर ठेवायच्या आणि त्यात आपला मोबाईल टाकायच्या. समोरच्या माणसाचं बोलणं संपेपर्यंत तो त्यातच वाजत राहायचा, मग फोन प्राचार्यांचा का असेना. पर्समध्ये उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा असायच्या. टरफलं टाकायला त्यांनी एक फाटका फुटबॉल ठेवला होता.

मी उंब्रजजवळच्या गावचा. बी.ए.चं पहिलं वर्ष पास झालो आणि फौजेत भरती झालो. आमच्याकडं घरटी एक माणूस फौजेत असतोच, त्यामुळं शिक्षण सुटलं याचं वाईट कुणालाच वाटलं नाही. हवालदार म्हणून पेन्शनवर घरी आलो तेव्हा चाळिशी जवळ आली होती. गावानं भरपूर सल्ले दिले. शिरवळच्या कंपनीत सिक्युरिटी, नाहीतर बँकेच्या दारात बंदूक घेऊन स्टूल. मी म्हणालो, मला बी.ए. पुरं करायचंय, तत्त्वज्ञान घेऊन. माझा चुलता तेव्हा उसाला पाणी देत होता. त्यानं पाण्याची दारं धरायचं थांबवून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, “त्यात काय करत्यात रं नेमकं?”

त्याला मी काय सांगणार? पहिल्या वर्षाला तो विषय मी वेळापत्रकात बसला म्हणून घेतला होता. पण बर्फात चौकीवर उभं राहिलं की माणसाला प्रश्न पडतात. समोरच्या चौकीवरचा माणूसही थंडीनं आखडलेला दिसतो. त्याला शत्रू म्हणायचं हे ठरलेलं असतं. का म्हणायचं, हे मात्र कुणाला विचारायची सोय नसते. तो प्रश्न मी घरापर्यंत घेऊन आलो होतो. बायको म्हणाली, इतकी वर्षं दुसऱ्यांनी सांगितलेलं केलंत, आता मनासारखं करा.

ऑफिसच्या खिडकीवर हेडक्लार्क होते. त्यांनी माझी जुनी गुणपत्रिका हातात घेतली, उलटी करून मागची बाजू बघितली आणि परत दिली. म्हणाले, गॅप फार आहे, अभ्यासक्रम जुना आहे, आता क्रेडिटची पद्धत आली आहे, तुमचं इथं काही होणार नाही, बहिःस्थ करा. मी ‘ठीक आहे सर’ म्हणालो, टाचा जुळवल्या आणि मागं फिरलो. फौजेत असंच असतं. वरचा नाही म्हणाला की विषय संपला.

व्हरांड्यात हेल्मेट घातलेल्या एका बाईनं मला अडवलं. काय म्हणाले, असं विचारलं. मी सांगितलं, होणार नाही म्हणाले.

“कुणी सांगितलं?”

हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. पुढं इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही ऐकू यायचं. आता वय झालं म्हणा, आम्हाला लायब्ररीचं कार्ड मिळत नाही म्हणा, बाईमाणसाला इंग्रजी जमणार नाही म्हणा, मॅडमचं उत्तर एकच. आणि तो नुसता प्रश्न नसायचा. नाव सांगावं लागायचं. नाव सांगितलं की त्या उठायच्या, हेल्मेट चढवायच्या आणि आपल्याला घेऊन त्या माणसासमोर जाऊन उभ्या राहायच्या. म्हणायच्या, तुम्ही यांना जे सांगितलं ते माझ्यासमोर परत सांगा.

परत सांगताना माणसाचं बोलणं कसं बदलतं, हे मी तिथं बघितलं. ‘होणार नाही’चं ‘अवघड आहे’ व्हायचं. ‘अवघड आहे’चं ‘बघतो’ आणि ‘बघतो’चं ‘उद्या या’. हेडक्लार्कनी त्या दिवशी माझ्या डोळ्यांदेखत हे सगळे टप्पे पार केले आणि शेवटी माझा समकक्षतेचा अर्ज घेतला. नियमात ते बसत होतं. आधीपासूनच बसत होतं. याची चीड मला आजही येते. नियम माझ्या बाजूनं होता आणि खिडकीतल्या माणसाला तो वाचायचा कंटाळा आला होता.

जिमखान्यात नेल्यावर मी टेबलापुढं सावधानमध्ये उभा राहिलो. मॅडम बसा म्हणाल्या. मी म्हणालो, “ऑर्डर असंल तर बसतो.”

“ऑर्डर नाही,” त्या म्हणाल्या. “खुर्ची आहे.”

मी बसलो. खुर्चीचा एक पाय आखूड होता. त्याखाली टेबल टेनिसची मोडकी बॅट घातली होती.

परत आलेल्या प्रत्येकाला मॅडम आधी कॉलेज फिरवायच्या. आम्हाला कॉलेज माहीत नाही असं थोडंच होतं? पण त्यांचं फिरवणं निराळं. लायब्ररीत नेऊन कपाटातून पुस्तक काढायला लावायच्या, वाचनकक्षातल्या खुर्चीवर बसवायच्या, पाण्याच्या टाकीचं पाणी प्यायला लावायच्या. प्रत्येक ठिकाणी म्हणायच्या, हे तुमचं. बंद दारापुढं तर हटकून थांबायच्या. मुलींच्या विश्रांतीकक्षाला मोठं कुलूप होतं. त्यापुढं उभं राहून त्या बायकांना म्हणायच्या, “ही खोली तुमची हाय. कुलूप तेवढं कॉलेजचं हाय.” मॅडम मूळच्या फलटणकडच्या. वर्गात त्या पुस्तकी बोलायच्या, फिरवताना मात्र घरचं बोलणं बाहेर यायचं.

भाषा प्रयोगशाळा नावाची एक खोली होती. तिथल्या खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं, कारण ती तपासणी समिती आली की फक्त दाखवायची असायची. मॅडमनी आमच्यासमोर एका खुर्चीचं प्लॅस्टिक नखानं फाडलं आणि मायाक्काला तिथं बसवलं.

मायाक्का माझ्या वर्गातली. माणदेशातल्या धनगराची लेक. तिच्या आज्याच्या वेळेला ही माणसं मेंढरं घेऊन नदीकाठाला चारायला यायची, पुढं तिचं लग्न आमच्याच भागात झालं. तिचंही बी.ए.च्या पहिल्या वर्षानंतर शिक्षण सुटलं होतं. पोरगी हायस्कूलला गेल्यावर ही परत कॉलेजला आली. मला वाटतं मी शूर आहे, पण त्या पहिल्या दिवशी लेकीपेक्षा थोड्याच मोठ्या पोरींमधून डोक्यावर पदर घेऊन आत येणाऱ्या मायाक्कापुढं माझं शौर्य काहीच नव्हतं.

तिला एक सवय होती. आमच्याकडच्या बऱ्याच जणांना असते. उंबरा दिसला की चपला बाहेर काढायच्या. मग ते देऊळ असो, पाव्हण्याचं घर असो नाहीतर कचेरी. आणि आत गेलं की हात जोडायचे. ऑफिससमोर तिनं अशाच चपला काढल्या आणि खिडकीपुढं हात जोडून उभी राहिली. तिला परीक्षेच्या अर्जाची तारीख विचारायची होती. हेडक्लार्क दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होते, ते बोलत राहिले. तेवढ्यात प्राचार्य कुणा पाहुण्यांना घेऊन व्हरांड्यातून आले आणि पुढं धावणाऱ्या शिपायानं त्या चपला पायानं उडवून खाली गटाराच्या कडेला टाकल्या.

मॅडम जिन्यावर होत्या. त्या खाली उतरल्या, दोन्ही चपला हातात घेतल्या, पदरानं पुसल्या आणि प्राचार्य, पाहुणे अशा सगळ्यांच्या मधून चालत ऑफिसात आल्या. खिडकीसमोर त्यांनी त्या चपला खाली ठेवल्या.

“घाला.”

“नगं मॅडम. बाहीरच बऱ्या हायत्या.”

“घाला म्हणते ना. आन् हात खाली. आता काय विचारायचं ते विचारा.”

मायाक्कानं चपला घातल्या, हात खाली घेतले आणि तारीख विचारली. हेडक्लार्कनी लगेच सांगितली. तारीख त्यांच्या मागच्या भिंतीवरच लावलेली होती. स्टाफरूममध्ये पुढं कितीतरी दिवस एकच चर्चा होती. बाईमाणूस तारखेसाठी तिष्ठत उभी राहिली याची नव्हे, चपला गटारात गेल्या याचीही नव्हे. प्राध्यापकानं विद्यार्थिनीच्या चपलेला हात लावला याची. हे ऐकलं तेव्हा मला इतका संताप आला की मी ग्राउंडला फेऱ्या मारून आलो.

मॅडम गोड होत्या असं मला म्हणायचं नाही. रागात त्यांना कुठं थांबावं कळायचं नाही. ग्रंथपालांची चूक नसताना एकदा त्यांना सगळ्यांसमोर झाडलं, आणि चूक कळल्यावर माफी न मागता त्यांच्या टेबलावर शेंगांची पुडी ठेवून निघून आल्या. मलाही बरंच बोलल्या आहेत. मी ‘येस मॅडम’ म्हणालो की त्यांना राग यायचा. काय येस, असं विचारायच्या. पटलं म्हणून येस, की मी बोलले म्हणून येस?

सगळ्यात मोठं भांडण झालं ते विषयावरून. माझा अर्ज मंजूर झाला, दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला, आता मुख्य विषय लिहायचा होता. मी तत्त्वज्ञान लिहिलं. मॅडमनी ते खोडायला सांगितलं. इतिहास घ्या म्हणाल्या.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्यासाठी घरच्यांचं, गावाचं ऐकून घेतलं, त्याला या बाई नको म्हणत होत्या. फौजी म्हणजे ठोंब्या, असं सगळ्यांना वाटतं. यांनाही तसंच वाटत असणार.

“फौजी हाय म्हणून म्हणताय व्हय?” मी विचारलं.

“नाही. परत आलाय म्हणून म्हणतेय. तुमच्यावर दुसऱ्यांदा परत यायची पाळी नको.”

मग त्यांनी उलगडून सांगितलं. विभागाचा पट घसरला होता. तो वर्ग कधी बंद करतील याचा नेम नव्हता. माझं दुसरं वर्ष संपलं आणि तिसऱ्याला विषयच राहिला नाही, तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. तरण्या पोरांचं एखादं वर्ष जातं आणि भरून निघतं. आमच्यासारख्यांचं वर्ष गेलं की माणूसच परत जातो, आणि मग तो येत नाही.

मी म्हणालो, आम्ही परत आलेले सगळे तुमच्या विषयाला बसलो तर पट भरेल की. विभाग टिकेल.

“टिकला तर बरं. नाही टिकला तर? माझी नोकरी टिकवायला तुमचं वर्ष डावावर लावू का मी?”

त्या शेंगा सोलत होत्या. हात थांबला नव्हता, पण दाणे खायचे सोडून टेबलावर ठेवत होत्या. मी विषय खोडला. मायाक्कानंही खोडला. मॅडमनी स्वतः आम्हाला इतिहासाच्या वर्गात नेलं आणि तिथल्या सरांच्या हवाली केलं. प्राचार्यांनी आधीच त्यांना बोलावून सांगितलं होतं, परत आलेली माणसं तुमच्याच विषयाला घ्या, पट भरा, पुढचं पुढं बघू. हे आम्हाला इतिहासाच्या सरांकडून नंतर कळलं. मॅडमनी त्याचा उच्चार केला नव्हता.

तत्त्वज्ञान त्यांनी आम्हाला शनिवारी दुपारी शिकवलं, जिमखान्यात, वेळापत्रकाबाहेर. चौकीवरचा माझा प्रश्न मी तिथं पहिल्यांदा मोठ्यानं विचारला. समोरचा माणूस शत्रू कशावरून? मॅडमनी सवयीनं तोंड उघडलं, त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणायला. मग माझ्याकडं बघून थांबल्या. म्हणाल्या, हा प्रश्न तुम्ही स्वतःला इतकी वर्षं विचारताय, मी काय वेगळं विचारणार? आणि शेंगांची पुडी माझ्याकडं सरकवली.

विभाग पुढच्याच वर्षी बंद झाला. मॅडम अतिरिक्त ठरल्या. संस्थेच्या शाखा सातारा आणि सांगलीत पसरलेल्या, त्यातली सगळ्यात लांबची त्यांच्या वाट्याला आली. सल्लागाराचं काम काढून घेतलं.

मी आणि मायाक्का प्राचार्यांकडं गेलो. समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. बसा म्हणाले नाहीत. मी बसलो. मायाक्का चपलांसकट आत आली आणि माझ्या शेजारी बसली. प्राचार्यांनी आधी तिच्या पायांकडं बघितलं, मग काय काम आहे असं विचारलं.

मी म्हणालो, मॅडमची बदली रद्द करा. ते म्हणाले, आदेश वरून आला आहे.

“वर म्हंजी कुणी सांगितलं?”

संस्थेनं, म्हणाले. संस्थेत कुणी, असं मी विचारलं. नाव सांगा, आम्ही जाऊन त्यांना विचारतो. प्राचार्य हसले. तुम्ही फौजेतले, बदली म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे का, म्हणाले. मी म्हणालो, फौजेत बदलीच्या आदेशाखाली माणसाची सही असते, त्याला शोधता येतं. त्यावर त्यांनी चष्मा काढला आणि अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं की कुणाचाच दोष नाही. मॅडमनी स्वतःच विद्यार्थी दुसऱ्या विषयाला पाठवले. पट गेला तो त्यांच्यामुळंच. मग आम्ही काय करणार?

खोटं बोलले असते तर मी भांडलो असतो. पण तो माणूस खरं तेच सांगत होता आणि त्याच खऱ्याचा फास करून त्या बाईच्या गळ्यात घालत होता. बोलली ती मायाक्का, अगदी हळू.

“आमाला बुडू दिलं न्हाई म्हणून त्यास्नी बुडवलं व्हय?”

प्राचार्यांनी घंटी वाजवून चहा सांगितला. चहा आला. आम्ही तो तसाच ठेवून बाहेर पडलो. बदली रद्द झाली नाही.

मॅडमच्या शेवटच्या दिवशी निरोपसमारंभ वगैरे काही नव्हतं. स्कूटी टेम्पोत चढवली. त्या डोक्यावर हेल्मेट घालून टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी बसल्या. जाण्याआधी मायाक्काच्या हातात त्यांनी एक किल्ली दिली. विश्रांतीकक्षाची. कितीतरी महिने त्या किल्लीसाठी त्या भांडत होत्या, आणि ती मिळाली तेव्हा बदली झाली होती. परत कुणी मागितली तर काय विचारायचं ते माहीत आहे ना, एवढं म्हणाल्या. आम्ही दोघं फाटकापाशी टेम्पो महामार्गाला लागेपर्यंत उभे होतो. मी तेव्हा रडलो. फौजेत मी सोबत्यांना खांदा दिला आहे, तेव्हाही इतका रडलो नव्हतो.

यंदा आमचा निकाल लागला. दोघंही पास झालो. इतिहासात मी कॉलेजात पहिला आलो. दुसऱ्या दिवशी फाटकावर फ्लेक्स लागला. ‘आमचा अभिमान! पुनरागमन कक्षाचे यशस्वी विद्यार्थी’. वर संस्थेच्या अध्यक्षांचा मोठा फोटो, त्याखाली प्राचार्यांचा, आणि खाली कोपऱ्यात माझा वर्दीतला आणि मायाक्काचा ओळखपत्रावरचा. तो कक्ष बांधायला घेतला तेव्हा आमची शेवटची परीक्षा सुरू होती. त्या सोफ्याला आमची पाठ कधी लागली नाही.

मी आत जाऊन हेडक्लार्कना विचारलं, मॅडमचा फोटो कुठाय? ते म्हणाले, त्या आता आपल्या शाखेत नाहीत. मी म्हणालो, मग फ्लेक्स उतरवा. अहो, लोक मिरवतात, म्हणाले, तुमचं काहीतरीच.

मी ग्राउंडवरची शिडी आणली. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत फाटकाला लावली, चढलो आणि दोऱ्या कापल्या. रखवालदार धावत आला आणि त्यानं विचारलं, काढायला कुणी सांगितलं? मी म्हणालो, फोटो माझा आहे. तो विचारात पडला. तोवर मी फ्लेक्स गुंडाळून मोटरसायकलला बांधला होता.

जतकडची ती शाखा माळावर आहे. फाटकावरच्या माणसाच्या बोलण्यात निम्मं कानडी. विद्यार्थी सल्लागार मॅडम कुठं बसतात असं विचारलं, तर असं कुणी इथं नाही म्हणाला. पण आत लिंबाच्या झाडाखाली एका दगडावर मला उलटं ठेवलेलं हेल्मेट दिसलं. इथं त्यांना जिमखानाही मिळाला नव्हता. काम काढून घेतलं होतं तरी चालूच होतं. मॅडम दुसऱ्या दगडावर बसून शेंगा सोलत होत्या. केस बरेच पिकले होते.

मी समोर गेलो आणि हात जोडायला लागलो. त्यांनी नुसतं बघितलं. मी हात खाली घेतले आणि निकाल सांगितला. त्यांनी आधी मायाक्काचे मार्क विचारले, मग एम.ए.चा अर्ज का भरला नाही म्हणून मला झाडलं. मी म्हणालो, बघतो. बघतो म्हणजे काय, म्हणाल्या.

मग त्यांचं लक्ष मोटरसायकलकडं गेलं. मी फ्लेक्स सोडून त्यांच्यापुढं उलगडला. मला वाटलं होतं, त्या चिडतील, निदान चार शब्द सुनावतील. त्यांनी सगळं वाचलं. मायाक्काचा फोटो नीट आला नाही म्हणाल्या. मग खाली वाकून एक कोपरा बोटांत धरून बघितला.

“बरा जाड हाय की. इथं सराटं लय. बायकांना बसता येत नव्हतं.”

आम्ही दोघांनी तो झाडाखाली अंथरला. मॅडमनी फोटोंची बाजू खाली केली आणि पांढरी वर. म्हणाल्या, माणसांच्या तोंडावर पाय नको पडायला.

थोड्या अंतरावर केव्हापासून एक बाई उभी होती. परत शिकायला आलेली असणार, उभं राहण्यावरूनच कळत होतं. चपला लांब काढलेल्या, हात जोडलेले, पायात सराट्यांचे काटे मोडत असतील तरी हूं की चूं नाही. मॅडम उठल्या, जाऊन तिच्या चपला उचलून आणल्या आणि फ्लेक्सवर तिच्यापुढं ठेवल्या.

“घाला. बसा. हात खाली,” त्या म्हणाल्या. “आता सांगा, होणार नाही म्हणून कुणी सांगितलं?”

ती बाई चपला घालून त्या पांढऱ्या कापडावर बसली आणि बोलायला लागली. मी कडेला बसून ऐकत होतो. मॅडमचं बरोबर असेल. पण मला विचारलं असतं, तर मी तो फ्लेक्स माझ्या फोटोसकट सुलटा अंथरला असता.